राऊतकाका आणि बिनउन्हाची झाडं

काम नसलेल्या ऑफिसात किस्से जास्त, असं लोकांना वाटतं. आमचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस. मान वर करायला फुरसत नसायची! तरी इतक्या वर्षांनी एकही ट्रक आठवत नाही. आठवतात त्या कुंड्या, आणि राऊतकाका.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. वसई पूर्वेला तळमजल्यावरचा मागचा गाळा. खिडकी एकच, तीही शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून. भर दुपारी ट्यूबलाइट! हेड ऑफिसची माणसं येणार म्हणून मॅनेजर सावंतसाहेबांनी हौसेने गुलाब आणला. पंधरा दिवसांत नुसत्या काड्या.

राऊतकाका आमचे सीनियर क्लार्क, पिढ्यान्‌पिढ्या वसईचे बागायतदार. ते म्हणाले, "साहेब, झाड तुम्ही आणलंत. ऊन कोण आणणार?"

साहेब भडकले. "मग तुम्हीच आणा ना काय ते!"

* * *

काकांनी मनीप्लँट आणले, स्नेक प्लँट आणले. वर नियम केला, मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. मी तुळिंजहून येणारी नवीन टायपिस्ट. मला त्या झाडांची दया यायची. गुपचूप रोज ग्लासभर पाणी घालायचे.

एक स्नेक प्लँट मुळाशी सडलं. आता बोलणी बसणार! पण काकांनी सडका भाग कापला, धड राहिलेलं पान सुकू दिलं आणि दोन दिवसांनी नव्या मातीत खोचलं.

"पोरी, अंधारातल्या झाडाला तहान कमी असते. माया जरा बेताने कर."

* * *

दर शनिवारी दोन कुंड्यांची पाळी. त्या उजेड खायला गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, सोमवारपर्यंत. काका रविवारीही त्यांना बघायला यायचे.

साहेब म्हणाले, "राऊत, झाडांना वीकली ऑफ आणि तुम्हाला ड्युटी?"

आम्ही खो खो हसलो. काका म्हणाले, "घरी बसवत नाही हो."

तेव्हा कुणी विचारलं नाही, का बसवत नाही.

* * *

जे झाड तीन महिने तगलं, त्याची एक फांदी काका ओल्या कागदात गुंडाळून घरी न्यायचे. एकदा साहेबांनी हटकलं, "ऑफिसचा माल घरी?"

काकांनी हातातली ओली पुडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "भावांनी वाडी विकली, साहेब. तिथेच बिल्डिंग झाली. मला तळमजल्याची खोली मिळाली. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. जन्मभर वाडीत राबलेली बाई, तिला डोळ्यांसमोर हिरवं लागतं. त्या खोलीतही उजेड नाही. तिच्यासमोर झाड मेलेलं बरं नाही. म्हणून आधी इथे लावून बघतो."

सोमवारी साहेब स्वतः एक कुंडी घेऊन आले. "बघा, हे जगतंय का."

* * *

एकदा मी काकूंना बघायला गेले. हाडांची मोळी नुसती. उशाशी खिडकीत आमचीच झाडं, पानं लख्ख पुसलेली. काकूंनी मला नीट न्याहाळलं.

"तूच का गो ती? पानी जास्ती घालनारी?"

आणि इतक्या हसल्या, की खोकला लागला. काका पाठ चोळत राहिले.

* * *

दिवाळीनंतर काकू गेल्या.

साहेब आणि मी भेटायला गेलो. पलंग काढला होता. काका त्या मोकळ्या जागेत फरशीवर बसले होते.

"ही रोज सांगायची," ते म्हणाले, "इथेच आपली विहीर होती. पलंगाखाली पाणी वाजतं, ऐका. मी म्हणायचो, अगं, बिल्डरने ती केव्हाच बुजवली. एकदा तर ओरडलो तिच्यावर."

मग ते उठले. पंखा बंद केला. "बसा जरा."

आम्ही फरशीवर बसलो. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला. काकांनी मान कलती केली.

"साहेब, येतंय का ऐकू?"

ट्रकवाल्यांची एक थाप कधी खपवून न घेणारे आमचे सावंतसाहेब. ते खाली वाकले, फरशीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"येतंय, राऊत," ते म्हणाले. "येतंय."