मुलीच्या प्रार्थनेला माझे आमेन

तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या आम्हा अर्जनविसांपैकी साहेब ज्याचा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात असा एकच आहे, हे खुद्द कचेरीतल्या पट्टेवाल्यांचे म्हणणे होते, आणि तो कोण हे मी येथे सांगण्याची आवश्यकता नाही. माझे शिक्षण मिशनच्या शाळेत सहावीपर्यंत झाले. पुढचे मी कचेरीच्या पायरीवर शिकलो. कित्येक वकील आपला मजकूर माझ्याकडे गुपचूप सुधारण्यास पाठवीत. ही गोष्ट आत्मस्तुतीकरिता सांगत नसून पुढील हकिकत नीट समजावी एवढ्याकरिता सांगत आहे. कारण माझ्या मुलीला प्रार्थना करावयास मी शिकवले, आणि ते अर्जाच्या रीतीने शिकवले.

आम्ही जुन्या जालन्यात एका अडत्याच्या गोदामामागे दोन खोल्यांत राहत होतो. दिवा लागला की चटई पसरायची, माझ्या पत्नीने एक गीत म्हणायचे, मी बायबलातले वचन वाचायचे आणि शेवटी मुलीने प्रार्थना करायची, असा आमच्या घरचा नियम होता. मुलीला तेव्हा पाचवे लागलेले. मी तिला सांगितले की प्रथम आभार मानावेत, नंतर मागणे मांडावे, आणि मागणे एकच असावे. दहा मागण्यांचा अर्ज कोणीही वाचत नाही. त्यानंतर येशूच्या नावाने मागतो असे म्हणावे, आणि आमेन म्हणून संपवावे.

"आमेन म्हंजे काय?" तिने विचारले.

"अर्जाखाली साक्षीदार सही करतो ना, तसं. तू मागितलंस, ऐकणाऱ्यानं आमेन म्हटलं, म्हणजे त्याचंही तेच म्हणणं आहे."

चुलीपाशी बसलेली माझी पत्नी हसली. "अवो, देवाला काय तहसीलदार करून राह्यले का तुमी? उद्या पोरगी स्टांप मागंल."

परंतु मुलीने ते मनावर घेतले. आपले आमेन म्हणून झाले की ती एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाही. माझे आमेन ऐकल्याखेरीज चटईवरून उठत नसे.

ते मोठ्या दुष्काळाचे साल होते. विहिरी आटल्या होत्या, टँकरचे पाणी गढूळ येई, आणि नाताळाच्या सुमारास गल्लीत घरोघर कावीळ झाली. पत्नीचे डोळे पिवळे झाले, मग अंग पिवळे झाले, मग तिला शुद्ध राहीना. येथल्या डॉक्टरांनी औरंगाबादेस मोठ्या दवाखान्यात नेण्यास सांगितले. अडत्याच्या ओळखीने ट्रक मिळाला. त्यात चढवताना ती थोडी शुद्धीवर होती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बरी होऊन येते म्या. तवर बाबाला तरास न्हाई द्यायचा."

त्या संध्याकाळपासून मुलीचे मागणे ठरून गेले. "भाकरीबद्दल आभार, पाण्याबद्दल आभार. माझ्या आईला बरी कर आणि जल्दी घरी आण. येशूच्या नावाने मागते. आमेन."

त्याच आठवड्यात पत्नी दवाखान्यात वारली. त्याच ट्रकने तिला आणली, आणि उन्हे कलण्यापूर्वी आमच्या मंडळीच्या कबरस्तानात माती दिली. मुलीला शेजाऱ्यांनी आपल्या घरात खेळवत ठेवले होते. बदनापूरहून माझी थोरली विधवा बहीण आली आणि ती पुढे आमच्याकडेच राहिली. त्या दिवशीही दिवा लागला, चटई पसरली गेली. गीत म्हणणारे कोणी नव्हते. मुलीने आपले मागणे सांगितले, आमेन म्हटले आणि एक डोळा उघडून ती थांबली. बहिणीने पदर तोंडात कोंबला.

मी आमेन म्हटले.

माझी भूमिका अशी होती की पाच वर्षांच्या जिवाला मरण कळत नाही, आणि जे कळत नाही ते सांगणे म्हणजे नुसते भय घालणे. आई बरी होऊन येईल हा शब्द दिला गेला तेव्हा खोटा नव्हता. तो मागे घेण्यास योग्य वेळ पाहिली पाहिजे, एवढेच. योग्य वेळ पाहणे हा तर माझा धंदाच होता. साहेबाचे कपाळ पाहून कोणता कागद पुढे करावा हे मी पक्षकारांस सांगत असे.

तोवर दिवस चालले होते. सकाळी तिला परातीत उभी करून मी तांब्याभर पाण्याने अंघोळ घालीत असे, आणि परातीतले पाणी भांडी घासण्यास ठेवीत असे. साबण डोळ्यांत गेला तरी ती रडत नसे. आईने त्रास देऊ नको म्हणून सांगितले होते ना. वेणी घालण्याचे काम बहिणीचे. पण तिच्या हाती मुलगी डोके देईना, म्हणून तेही माझ्याकडे आले. माझी वेणी दुपारपर्यंत सुटे.

"मुन्शी, अर्ज बरा लिव्हतो तू," बहीण म्हणे, "पर ही येणी हाय का गाढवाचं दावं?"

"असू द्या आत्या," मुलगी म्हणे. "आई आली की सोडून घालंल."

बहीण माझ्याकडे पाही. मी फणीतले केस काढीत बसे.

त्या वर्षी रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. मी ती पाण्यात कुस्करून, वर चिमूटभर मीठ घालून मुलीला भरवी. ती प्रत्येक घासाला तोंड उघडण्यापूर्वी विचारी, "दवाखान्यात पांढरी भाकर देतात ना?" मी होय म्हणे. मग ती घास घेई.

नंतर सायकलच्या दांडीवर बसवून मी तिला कचेरीसमोर घेऊन जात असे. बहीण टँकरच्या रांगेत अडकलेली असे आणि मुलीला एकटी घरी ठेवणे शक्य नव्हते. ती माझ्या मेजाखाली, पक्षकारांच्या पायांत बसून रद्दी कागदाच्या घड्या घाली. दुष्काळी कामावर नाव लागावे म्हणून माणसांची रीघ लागलेली असे. एकदा कुंभार पिंपळगावकडचा एक म्हातारा धनगर आला. त्याची मेंढरे चाऱ्यावाचून गेली होती आणि त्याला खडी फोडण्याच्या कामावर लागायचे होते. मी लिहीत असताना त्याचे लक्ष मेजाखाली गेले.

"मुन्शीजी, ह्यो कारकून कवा ठिवला? पगार काय देता?"

"मी कारकून न्हाई," मुलगी आतून म्हणाली. "माझी आई औरंगाबादला गेली हाय. ती येऊस्तोर मी हितं बसून राह्यली."

"अस्सं! कवा येणार मंग तुजी आई?"

"बाबाला इचारा. बाबाला सगळं ठाव हाय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. बोरूची शाई मी झटकली, ती त्याच्याच अर्जावर पडली. कागद मला पुन्हा लिहावा लागला. असे माझ्याकडून सहसा होत नसे. म्हातारा काय समजायचे ते समजला असावा. जाताना त्याने कनवटीचा गुळाचा खडा काढून मेजाखाली मुलीच्या हातात ठेवला.

ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थान दिनाच्या, आधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या मंडळीत आळीपाळीने घरोघर प्रार्थनासभा होत. आमच्या घरची पाळी आली. बहिणीने खोली सारवली. मंडळीचे मुख्य पंच आले, बाया आल्या, पोरे आली, आणि त्या दोन खोल्यांत पाय ठेवण्यास जागा उरली नाही. हे पंच मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. स्वभावाने कडक, परंतु माझ्या पत्नीची पेटी कबरेत उतरवताना दोर त्यांनीच धरला होता. गीते झाली, वचन झाले, आणि शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "घरचं लेकरू प्रार्थना करील का?"

मी अडवावयास हवे होते असे काहीजण मागाहून म्हणाले. अडवायचे कोणत्या सबबीवर? ती उभी राहिली, डोळे घट्ट मिटले, हात जोडले. "भाकरीबद्दल आभार, पाण्याबद्दल आभार, एवढी माणसं घरी आली त्याबद्दल आभार. माझ्या आईला बरी कर आणि जल्दी घरी आण. येशूच्या नावाने मागते. आमेन."

कोणी आमेन म्हटले नाही. इतकी माणसे, ज्यांच्या तोंडी हा शब्द श्वासासारखा येतो, ती सगळी गप्प. एका बाईचे मूल रडू लागले ते तिने छातीशी दाबले. मुलीने एक डोळा उघडला, मग दुसरा उघडला. प्रथम पंचांकडे पाहिले, मग बायांकडे, आणि मग माझ्याकडे.

"आमेन," मी म्हणालो. सभेत मी नेहमीच मोठ्याने बोलतो, तसेच बोललो.

ती खाली बसली.

माणसे गेल्यावर पंच मागे राहिले. मुलगी बाहेर पोरांत गेली होती.

"भाऊ, मेलेल्यासाठी आपण प्रार्थना करीत न्हाई. आपली शिकवण ती न्हाई."

"ती मेलेल्यासाठी करीत नाही," मी म्हणालो. "तिच्या समजुतीप्रमाणे ती आजाऱ्यासाठी करते. अर्जदाराला वस्तुस्थिती माहीत नसेल तर त्यात त्याचा दोष धरता येत नाही."

"पोरीला कोण दोष देऊन राह्यलं?" पंच म्हणाले. मग थोडे थांबून, हळू आवाजात, "पुनरुत्थानाच्या पहाटे सारी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाईल. पोरंबाळं जातील. हिला कुठं ठिवणार? गल्लीतलं एखादं पोरगं बोलून जाईल, ते बरं का तुमी सांगितलेलं बरं?"

बहीण दारातून म्हणाली, "म्या म्हणून थकले, पंच. ह्याला वाटतं, आपन सई केली की देवालाबी काम करावं लागंल."

मी चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

आमच्यात पुनरुत्थान दिनाच्या आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांना चुना लावतात. त्या शनिवारी मी चुन्याचा डबा घेतला आणि घरच्या वाटणीतले अर्धी बादली पाणी घेतले. त्या दिवसांत एवढे पाणी कबरीवर घालणे ही साधी गोष्ट नव्हती. तरी बहिणीनेच बादलीवर फडके बांधून दिले. मुलीला मी सांगितले की आपण आजोबांच्या कबरीला चुना लावण्यास जाऊ. ती आनंदाने आली.

माझ्या वडिलांची कबर जुनी, दगडी. मुलीने चिंधीच्या बोळ्याने खालची बाजू रंगवली, मी वरची. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. लगतच नव्या मातीचा उंचवटा होता. कडेने विटा, आणि डोक्याशी लाकडी क्रूस, त्यावर काळ्या रंगात नाव. तिला वाचता येत नव्हते.

"हे कुणाचं? ह्येला कुणी न्हाई का चुना लावायला?"

मी सांगितले. जसे कागदावर लिहितो तसे, आडपडदा न ठेवता, कमी शब्दांत सांगितले. तुझी आई दवाखान्यात वारली. तिला येथे आणून ठेवले आहे. ती आता घरी येणार नाही.

ती रडली नाही. बोळा तिच्या हातात ठिबकत राहिला.

"कवा?"

"तिला ट्रकमधून नेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

तिने विटांच्या कडेने चालत जाऊन एक फेरी घातली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"म्हंजे मी रोज मागत होते तवा आई हितं होती?"

"हो."

"येशूला ठाव होतं?"

"त्याला सगळं ठाऊक असतं, बेटा."

"अन् तुमाला?"

"मलाही."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या आईची पाहण्याची ढब तिच्यात आहे. कपाळाला एक आठी पडते, तेवढीच.

"मंग तुमी आमेन कशापायी म्हणत होते?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरे लिहिली आहेत. नोटिशीला, जबाबाला, साहेबाच्या शेऱ्याला. हातातला चुन्याचा डबा मी खाली ठेवला. शेवटी मी म्हणालो की तुला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, "बरं."

उरलेला चुना तिने आईच्या विटांना लावला. मला हात लावू दिला नाही. एकेक वीट रंगवून झाल्यावर बादलीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात तिने हात धुतले, ते पाणी मातीवर ओतले, आणि परतताना सायकलच्या दांडीवर न बसता मागच्या कॅरियरवर बसली. वाटेत माझ्या पाठीला तिचा स्पर्श झाला नाही.

त्या संध्याकाळी चटई पसरली. तिने भाकरीबद्दल आभार मानले, पाण्याबद्दल मानले, आत्याबद्दल मानले. नंतर मागण्याची जागा आली. मी डोळे मिटून वाट पाहत होतो. "येशूच्या नावाने, आमेन," मुलगी म्हणाली आणि ताटे आणावयास उठली.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मुलगी शाळेत जाते, तिचे अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे, आणि मंडळीत तिला मोठ्यांच्या सभेतही प्रार्थना करण्यास सांगतात. पंच म्हणतात, अशी आभाराची प्रार्थना मोठ्या माणसांना जमत नाही. ते खरे आहे. त्या शनिवारपासून तिने देवाकडे काही मागितल्याचे माझ्या कानांनी ऐकलेले नाही. परीक्षेच्या वेळी मागितले नाही, तापात मागितले नाही, बहीण अंथरुणाला खिळली तेव्हाही मागितले नाही. घरी ती प्रार्थना करते, शेवटचा शब्द म्हणते आणि लगेच उठते. माझे आमेन मी नंतर म्हणतो, तेव्हा चटईवर मी एकटाच असतो.