दिग्रसचं दुकान ऑनलाइन गेलं

कापडाच्या दुकानात किस्से धुळीसारखे जमतेत. झटकले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच. गिऱ्हाईक नसलं की जास्तच!

मी दिग्रसला रफीकभाईच्या दुकानात कापड उलगडून दाखवतो. शाळा शिकलो नाही, जन्म याच गादीवर गेला. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत लग्नाचा बस्ता घेणारे कमी झाले. उरले ते मोबाइलवर घ्यायला लागले. दुकान टिकते का बंद होते, एवढाच घोर होता.

*

एकदा काही बाया आल्या. गठ्ठाभर साड्या उलगडून घेतल्या.

"काका, ही जरा उजेडात धरा ना!"

धरली. त्यांनी फोटो काढला अन् तशीच साडी मोबाइलमधी स्वस्त कुठं भेटते ते पाहून राह्यल्या!

म्हटलं, "बाई, अजून धरू का?"

"हो काका, नेट स्लो आहे!"

*

मग रफीकभाईनं ऑनलाइन कंपनीचे पार्सल वाटायचं काम घेतलं. त्या निमित्तानं तरी लोक पायरी चढतील!

चढले. एका मास्तरनं दुकानातच पार्सल फोडलं अन् शर्ट रफीकभाईच्या हाती दिला. "खरं सांगा भाई, फसलो का?"

"मास्तर, घ्यायच्या आधी विचारायचं ना!"

"तवा तुम्ही खरं सांगितलं असतं का?"

*

शेवटी रफीकभाईच्या जावयानं, सलीमनं, आपला माल ऑनलाइन टाकायचं ठरवलं. फोटोसाठी साडी खांद्यावर घ्यायले कोणी नव्हतं.

"काका, तुम्हीच घ्या. तोंड कापतो मी."

शेजारणीच्या मोबाइलवर तो फोटो पाहून घरची म्हणते, "काहो, हे पोट तुमचंच होय ना?"

*

बरेच दिवस ऑर्डर नाही. रफीकभाई थकला. 'दुकान भाड्याने देणे' अशी पाटी रंगवायले टाकली. अन् ऑर्डर आली! पाहतो तर मागच्या गल्लीतली शांताबाई, आमचं जुनं गिऱ्हाईक. सलीमनं मोबाइलवर दुकानाचं नाव वेगळंच ठेवलेलं, तिले काय माहीत!

मी म्हटलं, "चालत नेऊन देतो."

"नाही जमत काका. नियमानं आधी नागपूरले कंपनीच्या गोदामातच गेलं पाहिजे."

साडी नागपूरले गेली, तिथून फिरून आमच्याच दुकानात पार्सल होऊन आली. शांताबाई न्यायला आली. उघडली, बोटांत धरून चोळली, खांद्यावर टाकली.

"पाहा रफीकभाई, याले म्हणतेत कापड! असा माल काहून नाही ठेवत तुम्ही? म्हणूनच दुकान बसून राह्यलं तुमचं!"

रफीकभाईनं साडीची घडी नीट करून तिच्या पिशवीत ठेवली.

"ठेवतो, बाई," तो म्हणाला. "पुढच्या खेपेले नक्की ठेवतो."