सॅसाफ्रासचा काढा

लेकीने रूट बिअरचा, त्या बिनदारूच्या अमेरिकन पेयाचा, कॅन उघडला आणि त्या गोडसर, औषधी वासाने मला वीसेक वर्षं मागे, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या जुन्या किचनमध्ये नेऊन उभं केलं.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. अमेरिकेतल्या नणंदेने रक्तशुद्धीला, सांधेदुखीला चांगली म्हणून सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळांची साल पाठवली होती. तिकडे तिचा हलका चहा करतात; रूट बिअरलाही तिचाच वास. सासूबाईंनी मात्र आपल्या पद्धतीने पाणी पार आटवून दाट काढा केला आणि नवऱ्यापुढे नि माझ्यापुढे एकेक कप ठेवला.

माझा निम्मा पिऊन झाल्यावर नवरा लॅपटॉपमधून डोकं वर काढून म्हणाला, "आई, यातल्या सॅफ्रोलने लिव्हर खराब होतं. कॅन्सरचाही धोका असतो म्हणे."

सासूबाईंनी झटकन त्याचा कप सिंकमध्ये ओतला. मग माझ्याकडे वळल्या. "तुझा निम्मा पोटात गेलाच आहे. संपव आता, वाया नको."

विषसुद्धा वाया घालवायचं नाही, असं ते घर. मी संपवला, आणि त्या बाईवर कायमचा डूख धरला.

आज मात्र ते सिंक डोळ्यांसमोर आलं. नवऱ्याचा कप काठोकाठ भरलेला होता. मी घोट घोट पीत होते, तेव्हा तो वाचत होता.