आडव्या बाटलीच्या अध्यक्षीणबाई

आमच्या बाभूळखेड्यातलं देशी दारूचं दुकान बंद झालं ते मतदानाने. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे घालवा. मत फक्त बायकांनी द्यायचं होतं. साळूबाई चांदगुडे त्याआधी पंधरा दिवस घरोघर हिंडल्या, म्हाताऱ्या बायकांसमोर रिकाम्या बाटल्या जमिनीवर आडव्या पाडून दाखवल्या, आणि आडवी बाटली तीनशे बारा मतांनी निवडून आली. मग ग्रामसभेने दारूबंदी समिती नेमली. अध्यक्ष साळूबाई. सचिव मी, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझ्याकडे खडू असतो.

दुकान गेलं तरी पिणारे कोपरगावला जाऊन पिऊन येत. त्यांच्यासाठी समितीने नियम केला: गावच्या शिवेच्या आत ज्याच्या तोंडाला वास येईल त्याचं नाव पारावरच्या फळ्यावर लिहायचं आणि त्याने तीन दिवस पार झाडायचा. वास आला की नाही हे ठरवायचं काम साळूबाईंचं. त्यासाठी त्यांना जवळ जावं लागत नसे. सकाळी एखादी बाई नवऱ्याला हाताला धरून आणी, त्याला अंगणात उभं करी, आणि साळूबाई ओट्यावरूनच सांगत, "संत्रा हाय. दोन ग्लास. तिसरा दुसऱ्याच्या ग्लासातला. वर भजी खाल्ली, ती शिळी हुती." नवरा मान खाली घाली. भजी शिळी होती हे त्याला स्वतःलाही तेव्हाच कळे.

हे नाक त्यांना जन्मतःच होतं. पण त्याचा असा उपयोग त्यांनी धाकटा भाऊ हातभट्टीने गेल्यावर सुरू केला. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "त्याच्या तोंडाला सा महिने आधीच मातीचा वास यायला लागला हुता. मी कुनाला सांगितलं न्हाई."

तीन वर्षांपूर्वी कालव्याकाठचं कांद्याचं जुनं गोदाम एकाने भाड्याने घेतलं आणि टेम्पोतून लाकडी पिंपं उतरवली. बातमी तासाभरात गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई पुढे, मी खडू घेऊन मागे, आणि आमच्या मागे चाळीस बायका, अशा आम्ही गोदामावर गेलो.

दार उघडलं पंकज थेटेने. संगमनेरकडचा हा माणूस पुण्यात बारा वर्षं कॉम्प्युटरची नोकरी करून कंटाळला होता. त्याने आम्हा सगळ्यांना पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की हे दुकान नाही, इथे थेंबभरही विकला जाणार नाही, परवाने भिंतीवर लावलेत. तो दारू गाळतही नव्हता. दुसऱ्यांच्या कारखान्यात तयार झालेली व्हिस्की तो पिंपासकट विकत घ्यायचा, काही वर्षं इथे मुरू द्यायचा, आणि एका पिंपातली दुसऱ्यात न मिसळता बाटल्यांत भरून आपल्या लेबलाने पुण्या-मुंबईला पाठवायचा.

साळूबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे दुसऱ्याचं पोरगं दत्तक घ्यायचं, वाढवायचं आन नाव आपलं लावायचं."

पंकज म्हणाला, "मावशी, हे मी बँकेला अर्धा तास समजावून सांगत होतो."

मग साळूबाई पिंपांच्या रांगेतून तपासणीला निघाल्या. हात पाठीमागे, पदर डोक्यावर, प्रत्येक पिंपापाशी एक श्वास. चौथ्या पिंपाशी थांबल्या. "ह्यात आधी काय हुतं?"

"अमेरिकेतली व्हिस्की. पिंप तिकडूनच आलंय."

"न्हाई. लोनचं हुतं. कैरीचं न्हाई, दुसरं कायतरी. खारवलेलं."

पंकज हसला. पण दोन दिवसांनी तो साळूबाईंच्या घरी आला तेव्हा हसत नव्हता. त्याने कारखान्याला पिंप पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला खोदून खोदून विचारलं होतं, आणि व्यापाऱ्याने कबूल केलं होतं की मधला एक उन्हाळा त्या पिंपात काकड्या खारवल्या होत्या. पंकज ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, माझ्याकडे कामाला या. नुसता वास घ्यायचा."

साळूबाईंनी हा प्रश्न समितीपुढे ठेवला. समितीत तासभर चर्चा झाली आणि एकमताने ठराव झाला. तो माझ्याच अक्षरात आहे: "अध्यक्षांनी सदर गोदामावर नजर ठेवावी, शक्य तितक्या जवळून."

अशा रीतीने आमच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्षा व्हिस्की चाखायच्या नोकरीला लागल्या. पहिला महिना नुसता वास. पण पंकजचं म्हणणं, वास म्हणजे अर्धीच गोष्ट, जिभेवर घेतल्याशिवाय उरलेली कळत नाही. पुष्कळ विचार करून साळूबाईंनी गुळणीला मान्यता दिली. एक घोट तोंडात घ्यायचा, दातांमागून फिरवायचा, बादलीत थुंकायचा आणि बादली स्वतः जाऊन खड्ड्यात ओतायची. दोन नमुन्यांच्या मध्ये तोंड कोरडं करायला मूठभर फुटाणे. त्यांना लिहिता येत नसल्याने शाळा सुटल्यावर मी जाऊन बसे आणि त्या बोलतील ते चौरेघी वहीत उतरवून घेई.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पिंप दोन: "गूळ काढल्यावरची काईल, धुवायच्या आधी. खालून जळकं, वरून गोड." पिंप पाच: "यष्टीचं नवं शीट, उन्हात. शेजारी कुनीतरी मोसंबं सोललं." पिंप नऊ: "नव्या नवरीची ट्रंक. कापूर, कोरं लुगडं, आन तळाशी लपवलेला लाडू, आठ दिसांचा." पिंप अकराबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "हे खोटं बोलतंय." पंकजने ते पिंप परत पाठवलं.

पंकजने हे सगळं जसंच्या तसं लेबलांवर छापलं. पुण्यातल्या लोकांनी बाटल्या घेतल्या आणि पत्रं लिहिली. एका इंजिनिअरने विचारलं की पाच नंबरमधली एसटी कोणत्या डेपोची. साळूबाई म्हणाल्या, "येवल्याची. कोपरगावच्या शीटला येगळा वास हाय."

संध्याकाळी घरी गेल्या की नवरा विचारी, "आज काय हुतं?" रंभाजीबुवा साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. लग्नानंतर तीन महिन्यांतच त्यांनी दारू सोडली होती, कारण लपवायची सोयच नव्हती. आता ते खाटेवर डोळे मिटून बसत आणि साळूबाई एकेक पिंप सांगत. मधूनच ते म्हणत, "सावकाश सांग. ते मोसंब्याचं पुन्यांदा."

हे गावातल्या एका माणसाला अजिबात सहन होत नव्हतं. त्याचं नाव गोरक्ष. फळ्यावर सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव त्याचंच, एक्केचाळीस वेळा. गेल्या दोन ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या ग्रामसभेत, महात्म्याच्या फोटोला हार घालून झाल्यावर तो उठला.

"माझा एक सवाल हाय. गावात नियम सगळ्यांना सारखा का न्हाई?"

"सारखा," सरपंच भारतीताई म्हणाल्या.

"मग अध्यक्षीनबाईंचं तोंड हुंगा."

सभेत गलका झाला. बायका उठल्या, पुरुष फार दिवसांनी सावरून बसले. भारतीताईंनी टेबलावर हात आपटून शांतता केली आणि मागणी रास्त आहे असं सांगितलं. पण हुंगणार कोण? गोरक्ष पुढे झाला तर बायका म्हणाल्या की त्याच्या स्वतःच्याच तोंडाच्या वासात त्याला दुसरा वास येणार नाही. आरोग्यसेविका म्हणाली, हे माझ्या कामात बसत नाही. शेवटी नियमाची वही काढली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, वासाचा निर्णय समितीचे अध्यक्षच देतील आणि तो अंतिम राहील.

साळूबाई उभ्या राहिल्या. "वाटी आना. घासलेली. आन वर झाकायला ताटली."

अंगणवाडीतून वाटी आली. साळूबाईंनी वाटीत तोंड घालून तीनदा श्वास सोडला, ताटली झाकली, वाटी टेबलावर ठेवली आणि सभामंडपाच्या बाहेर गेल्या. बाहेर लिंबाखाली जराशा उभ्या राहिल्या. मग परत आल्या त्या अगदी कुणा परक्याचं प्रकरण तपासायला यावं तशा. ताटली थोडी सरकवली. एक श्वास घेतला. डोळे मिटले.

"ही बाई पेत न्हाई," त्या म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईंनी हात वर केला. "थांबा. पोटात न्हाई गेलेली. पन हिरड्यांत गेलीय. अर्धा चमचा. काल दुपारी, चारच्या सुमाराला. सात नमुने. संगतीला फुटाने." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तरीनबाई, फळ्यावर लिवा."

मी म्हणाले, "अहो साळूबाई, हे कामाचं आहे."

"तोंड कामाचं असू दे, न्हाईतर बिनकामाचं. नियम तोंडाला हाय."

सभामंडपासमोरच्या पारावर जाऊन मी लिहिलं. साळूबाई रंभाजी चांदगुडे, अर्धा चमचा. वरच्याच ओळीत गोरक्षचं नाव होतं. अक्षर वाकडं आलं. साळूबाईंनी ते पाहिलं आणि पुसून नीट लिहायला लावलं.

गोरक्षला काय करावं कळेना. त्याला भांडण अपेक्षित होतं. तो उठून म्हणाला, "पन माझी नेहमी क्वार्टर असती. अर्ध्या चमच्याला आन क्वार्टरला शिक्षा सारखीच? ह्यो बी अन्यावच की." आपण नेमके कुणाच्या बाजूने बोलतोय हे त्याचं त्यालाच उमगलं नाही आणि तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोघंही पारावर होते, दोघांकडे खराटे. साळूबाई कोरड्या जमिनीवरच झाडू लागल्या तर गोरक्षने त्यांना थांबवलं. "आक्का, असं न्हाई. आधी पानी शिपडायचं. न्हाईतर धुरळा उडून परत बसतो आन पुन्यांदा झाडावं लागतं. पिंपळाच्या बाजूनं सुरू करा, वारा तिकडून असतो." एक्केचाळीस वेळांचा अनुभव होता. साळूबाईंनी बादली उचलून पाणी शिंपडलं. मी शाळेत जाताना थांबून पाहिलं, गोरक्ष हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसरा दिवस रविवार. नेमक्या त्याच दिवशी पुण्याहून आठ माणसं साळूबाईंना भेटायला आली. व्हिस्की चाखणाऱ्यांचं मंडळ होतं त्यांचं. पंकजने हे महिनाभर आधी ठरवलं होतं आणि या गडबडीत तो सांगायला विसरला होता. टेम्पो ट्रॅव्हलर पारापाशी थांबली, माणसं उतरली, आणि खराट्यावर रेललेल्या साळूबाईंचं नाक वर झालं.

"ह्या लोकांनी गाडीतच सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "सात जनांनी. डायवर आन तो निळा सदरा सोडून. आन ती पंकजची बी न्हाई."

सातही जण एकमेकांकडे बघू लागले. त्यांना घ्यायला धावत आलेल्या पंकजचा चेहरा उतरला. गोरक्ष मात्र लगबगीने पुढे झाला, समितीचा नियम त्याने पाहुण्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, आणि खराटे किती लागतील ते मोजायला लागला. तीन दिवस थांबणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून साळूबाईंनी तीन दिवसांचं काम एका दिवसात करून घेतलं: पार, चावडी आणि शाळेचं मैदान. पाहुण्यांनी कुरकुर केली नाही. उलट फोटो काढले. मी फळ्यावर सात नावं लिहिली, त्यातलं एक इतकं मोठं होतं की फळ्याबाहेर भिंतीवर गेलं.

दुपारी गोदामात चाखण्याचा कार्यक्रम झाला. सतरंजीवर आठ जण, समोर साळूबाई. त्या सांगत होत्या, पंकज ओतत होता, आणि पुण्याची माणसं ग्लासात नाक घालून कापूर आणि लाडू शोधत होती. त्यांच्यात पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त दंतवैद्य होते. हिरड्यांतून दारू शोषली जाते हे साळूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, पण तुम्हाला स्वतःला कोणती आवडली?"

तीन वर्षांत हे साळूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी पदर सारखा केला, रांगेकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "सात नंबर."

"त्यात काय आहे?"

"ते सांगनार न्हाई."

वहीत पिंप सातचं पान कोरं आहे. परत येताना मी त्यांना छेडलं. कालव्याच्या कडेने चालता चालता त्या म्हणाल्या, "बाई, इतकी वर्सं मी ह्या वासाला शिव्या दिल्या. आन वास चांगला हाय. लई चांगला हाय. आता ह्याचं काय करायचं?"

पंकजने सात नंबर विकायचं नाही असं ठरवलं. पण त्याने साळूबाईंना एक गोष्ट सांगितली. पिंप बंद असलं तरी दर वर्षी त्यातली थोडी व्हिस्की लाकडातून आपोआप हवेत उडून जाते. ती कुणाचीच नसते. साळूबाईंनी तीनदा विचारून खात्री करून घेतली, कुणाचीच न्हाई ना? तेव्हापासून दर शनिवारी दुपारी त्या गोदामात जातात, सात नंबरशेजारी पोतं अंथरून तासभर बसतात आणि श्वास घेतात. पित नाहीत, गुळणीही करत नाहीत.

गोरक्षच्या हे लक्षात आलंच. तो आता समितीचा झाडलोट प्रमुख आहे, अधूनमधून फळ्यावरही असतो. त्याने लेखी अर्ज दिला आहे की हवेतून घेतलेली धरायची की नाही, याचा एकदाचा निकाल लागावा. हा विषय ग्रामसभेपुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा माणसं कमी भरल्याने सभा तहकूब झाली. साळूबाईंना मी म्हटलं, तुम्हीच अध्यक्ष आहात, निर्णय देऊन टाका. त्या म्हणाल्या, "देते की. पन आधी नीट तपासायला पायजे." आणि शनिवार असल्याने पोतं काखोटीला मारून कालव्याच्या रस्त्याला लागल्या.