हाताला हात

शेजारच्या कुंदाताईंकडे सत्यनारायण होता. गेल्या वर्षी आरतीचं ताट माझ्या हातात थरथरलं, निरांजन कलंडता कलंडता राहिलं. स्नायूंचा हा आजार दरवर्षी एखादं काम काढून घेतो. यंदा ताट थेट ह्यांच्या हातात गेलं. “वहिनींना शिरा चालतो ना?” असंही कुंदाताईंनी ह्यांनाच विचारलं. मी शेजारीच खुर्चीत होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही नुसता हाताला हात लावा, पोचतं सगळं.”

पूजेत बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावला की तिचीही पूजा होते, हे लहानपणापासून बघत आलेय. आता माझं सगळंच तसं झालंय. फोडणी हे देतात, तुळशीला पाणी हे घालतात, मी आपली हाताला हात लावून. वाईट काही नाही त्यात. फक्त काही न करता फार दमायला होतं.

आरती सुरू झाली. माझा हात मांडीवरून उचलेना. ह्यांनी ताट खाली ठेवलं, माझा हात आपल्या मनगटावर नीट ठेवला आणि ताट पुन्हा उचललं. तोवर एक कडवं होऊन गेलं होतं. टाळ्या चालूच होत्या.