भट्टी थंड झाल्याचं स्क्रीनने सांगितलं तेव्हा

इथल्या लिनक्सवाल्यांनो, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज सिन्नरच्या एका कारखान्यात मी लिहिलेला नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर चढवला. त्याच पीसीवर भट्टीचं तापमान दिसतं.

थोड्या वेळाने चारशेचा आकडा एकदम चाळीसवर आला. ना पीसी अडकला, ना एरर आली. नुकतेच ड्युटीवर आलेले भट्टीवाले भाऊसाहेब स्क्रीन बघून म्हणाले, "झाली वाटतं गार," आणि दाराच्या कडीला हात घालायला निघाले.

"थांबा!" मी जीव खाऊन ओरडलो. भट्टी अशी क्षणात गार होत नसते.

चूक माझीच. नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटसाठी घेतलेली मेमरी मी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, परत केली, पण कार्डाला त्या जागेचा पत्ता सोडायला सांगितलंच नाही. ती जागा तापमानाच्या प्रोग्रामला मिळाली आणि कार्ड आलेला डेटा तिथेच, तापमानाच्या आकड्यावर, लिहीत राहिलं.

भाऊसाहेबांनी बाटलीतलं पाणी दारावर शिंपडलं. चर्र झालं.

"आधी रोज असंच बघायचो," ते म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर आला आन् सोडून दिलं."

नवा ड्रायव्हर काढून जुना टाकून आलोय. पण जुनाही मीच लिहिलाय.

तुम्हाला झोप लागते का हो?