मामींनी माझा दिवाण उघडायला लावला

मंडळी, कारेगावात आम्ही भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण मामी राहतात आन् त्यांच्याकडं बसून मी रोज गुन्ह्याची मालिका बघते. जाहिरात लागली की खुनी कोण, यावर आमची पैज. मामींचं उत्तर ठरलेलं, "भाडेकरूच असंल." आन् भाडेकरूच निघतो. लेखकाला दुसरं कुणी सुचतच नाही. काल तर भाडेकरणीनं नवऱ्याला मारून दिवाणात कोंबला.

आज कंपनीतून आले तर मामी माझ्या दारात उभ्या.

"तुझा नवरा लई दिवस दिसला न्हाई गं."

"लातूरला गेलेत. सासऱ्यांचं ऑपरेशन हाय."

"व्हय का? मग तेवढा दिवाण उघड बरं."

मला चेष्टा वाटली. पण मामी हसल्या नाहीत. मी फळी उचलली. आत पाहुण्यांच्या गोधड्या होत्या. मामींनी पार तळापर्यंत हात घालून चाचपल्या.

"आजकाल कुणाचं काय सांगावं," म्हणाल्या आन् गेल्या.

इतक्या वर्षांत त्या मालिकेत एकाही घरमालकाला बेडी पडली नाही. मला ते आज खटकलं.

आत्ता खालून हाक आली, "ये गं, सुरू झालं."

मी दाराला कडी लावून बसलेय. तुम्ही असता तर गेला असता का?